झुकलेल्या तारेखालचा उजेड

सूर्य डोंगराआड गेला की त्या दिवसांत आमच्या तिनझ्रू गावात कुणी घरी थांबत नसे. मगरिबची नमाज आटोपायची आणि बाया, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळी लगबगीनं गावाबाहेरच्या माळाकडे निघायची. माळावर एक मोठा खडक आहे. त्या खडकावर हिरवी शाल पांघरून मूलाय तैयब, स्वतःला पैगंबरांच्या वंशातला म्हणवणारा साधू, उभा असायचा. त्याच्या हातात एक ट्यूबलाइट असे. साधी, शाळा-कचेऱ्यांत असते तसली. दोन्ही टोकांना हिरवं कापड गुंडाळलेलं. तिला ना वायर, ना बॅटरी, ना बटण.

तो ट्यूब उभी धरायचा, डोळे मिटायचा आणि पुटपुटायचा. माळावर चिटपाखरू बोलत नसे. अंधार जरा दाटला की ट्यूब हळूहळू उजळायची. पांढरा, थरथरता उजेड. गर्दीतून एकदम 'अल्लाह!' असा हुंकार उठायचा.

"उतर!" तो ओरडायचा आणि मुठीपर्यंत असलेला उजेड खाली सरकायचा. "चढ!" की वर जायचा. मध्येच एखादी म्हातारी रडू लागायची.

"बघितलंत?" मूलाय तैयब गर्जायचा. "ह्या कुंपणामागच्या काळ्या काचांनी तुमचं ऊन पकडलंय! उन्हात खेळणारे जिन्न त्या काचांखाली कोंडलेत. तुमच्या विहिरी का आटल्या? शेळ्या का गाभडल्या? ते रडतायत म्हणून! माझ्या सात पिढ्यांचा शब्द आहे म्हणून ते माझ्या हातात येऊन बसतात. दुसऱ्या कुणाच्या हातात बसतील? बसवून दाखवा!"

जिन्न मोठे वक्तशीर होते. भर उजेडात कधी येत नसत, आणि मेंढी किंवा तुपाचा बुधला आला की जरा जास्तच प्रसन्न होत. पण हे आता म्हणायला सोपं आहे. तेव्हा मी, ह्या गावचा डॉक्टर बीही, गर्दीच्या मागे उभा राहून ती ट्यूब बघत होतो आणि ती का पेटते, हे मला अजिबात कळत नव्हतं.

लोकांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. कुंपणामागचं सौर वीजकेंद्र आलं तेव्हा गावाची चराई त्यात गेली. नोकऱ्या मिळतील म्हणाले, मिळाली चार जणांना पहारेकऱ्याची काठी. त्यात दुष्काळ पडला. विहिरी खोल गेल्या, आणि त्याच वेळी टँकर आणून काचांवरची धूळ पाण्यानं धुतली जाताना गाव रोज बघत होतं. माणसाला राग असतो, आणि रागाला कारण हवं असतं. मूलाय तैयबनं ते आयतं हातात दिलं.

एका संध्याकाळी त्यानं मलाच पुढे बोलावलं.

"डॉक्टर मागं का उभे? या, या! तुमच्या हातात एवढी शिकलेली बरकत आहे, धरा ना ट्यूब!"

लोक हसले. मी पुढे गेलो. त्यानं मला खडकाखाली गुडघ्यांवर बसवलं. "पवित्र वस्तू आहे. दोन्ही तळहात पुढे करा, भीक मागतो तसे." मी हात पुढे केले. त्यानं ट्यूब माझ्या तळहातांवर आडवी ठेवली.

ती विझली. क्षणात, फुंकर मारल्यासारखी.

त्यानं ती उचलली, पुन्हा उभी धरली. पुन्हा पेटली.

"जिन्नसुद्धा ह्यांच्याजवळ येत नाहीत," तो म्हणाला, "आणि तुम्ही लेकरं घेऊन जाता ह्यांच्याकडे!"

त्या रात्री माझ्या दवाखान्याच्या दारावर कुणीतरी चिखल फेकला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट पुढंच होतं.

बस्सू म्हणून आमच्या गावात एक गवंडी आहे. भला माणूस, पण जिद्दी. त्याची मुलगी तूदा, नऊ वर्षांची, जिभेला हाड नसलेली पोर. तिला साखरेचा आजार. शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्यामुळे रोज टोचावं लागतं. घरी फ्रीज नाही, म्हणून औषध माझ्याकडेच असायचं. तिची आई रकूश तिला सकाळ-संध्याकाळ घेऊन यायची. सुई टोचताना तूदा मलाच धीर द्यायची, "डॉक्टर, घाबरू नका, मला दुखत नाही."

एके दिवशी ती आली नाही. संध्याकाळीही आली नाही. मी बस्सूच्या घरी गेलो तर तो दारातच आडवा उभा राहिला.

"तिला बरं वाटतंय," तो म्हणाला.

"बस्सू, बरं वाटो की न वाटो, सुई चुकवायची नाही, हे तुला मी किती वेळा—"

"तुमचं औषध फ्रीजमध्ये असतं ना? फ्रीज चालतो कशावर? त्या वीजकेंद्राच्या तारेवर. मूलाय म्हणाले, त्या थंडीत जिन्न गोठून बसतात आणि सुईतून पोरीच्या रक्तात शिरतात. म्हणून तर ती बरी होत नाही. उद्या संध्याकाळी ते तिच्यावर उजेड फिरवणार आहेत."

"ती मरेल, बस्सू."

त्याचा चेहरा क्षणभर हलला. मग कडक झाला. "तुमच्या हातात तर ट्यूब विझली, डॉक्टर. सगळ्या गावानं बघितलं."

आणि त्यानं दार लावून घेतलं. मी पोलीस ठाण्याला फोन केला. ठाणं घाटापलीकडे. ते म्हणाले येतो, पण आवाजावरून ते उद्यावर टाकणार हे कळत होतं. आणि आले तरी बस्सूचे भाऊ दारात काठ्या घेऊन बसले होते. रेटारेटीत पोरीचं काय झालं असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी रकूश मागच्या गल्लीतून पळत दवाखान्यात आली. पायात चप्पल नव्हती.

"सारखी पाणी मागतेय. दोनदा ओकली. आता बोलत नाहीये, नुसती खोल खोल श्वास घेतेय. तोंडाला सडक्या फळाचा वास येतोय, डॉक्टर. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, जिन्न बाहेर पडतायत त्याची खूण आहे."

मला त्या वासाचा अर्थ माहीत होता. रक्तात आम्ल साठत चाललं होतं. हातात तास होते, दिवस नव्हते.

"सकाळी घेऊन का नाही आलीस?"

"दीर दारात बसलेत. मी भिंतीवरून आले." ती खाली बसली. "त्यांनी माझं ऐकावं असं काहीतरी सांगा मला. काहीतरी."

मी इन्सुलिन भरलेली सुई पुढे केली, तर ती म्हणाली, एक दीर पोरीच्या उशाशीच बसलाय, दिसली तर फोडेल. माळावर ती ट्यूब का पेटते, हे दाखवल्याशिवाय बस्सू ऐकणार नव्हता. तिला परत पाठवलं, थोडं थोडं पाणी पाजत राहा म्हणालो, आणि तसाच शाळेकडे धावलो.

लल्ला इज्जा, म्हणजे इज्जाबाई, आमच्या शाळेत विज्ञान शिकवते. ह्याच गावची, शिकायला मराकेशला गेली आणि परत आली. ती सुट्टीला मावशीकडे गेली होती आणि आदल्या रात्रीच परतली होती. त्यामुळे तिनं तो चमत्कार बघितलाच नव्हता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. संपल्यावर तिनं विचारलं,

"तुमच्या हातात त्यानं ती कशी दिली? उभी?"

"आडवी. दोन्ही तळहातांवर."

"आणि तुम्ही बसलेले."

"गुडघ्यांवर."

"आणि तो खडक कुठला? जिथे मनोऱ्यांमधली तार झुकून सगळ्यात खाली आलीये, तोच ना?"

मी विचार केला. वीजकेंद्रातून निघालेली उच्च दाबाची लाईन मोठमोठ्या मनोऱ्यांवरून माळ ओलांडून उत्तरेला जाते. दोन मनोऱ्यांच्या मधोमध तारा झोळीसारख्या झुकतात. खडक बरोबर तिथेच होता.

"तो बस्सूच्या घरी का जात नाही?" इज्जा म्हणाली. "पोर इतकी आजारी, तर साधू पायरी उतरून यायला हवा. पोरीलाच माळावर का बोलावतो? कारण त्याचा जिन्न माळ सोडू शकत नाही! डॉक्टर, तारेत इतका दाब असतो की तिच्याभोवतीच्या हवेतही विजेचा ताण असतो. तारेजवळ जास्त, जमिनीशी कमी. ट्यूब उभी धरली की तिचं एक टोक जास्त ताणात आणि एक कमी ताणात येतं. तेवढ्या फरकावर आतला वायू पेटतो. आडवी केली की दोन्ही टोकं सारखी. फरक नाही, तर उजेड नाही."

"आणि 'उतर', 'चढ'?"

"हाताच्या वरचाच भाग पेटतो. तो मूठ सरकवत असणार. शालीत दिसत नाही, एवढंच."

मी वेड्यासारखा हसलो. "पण हे मी बस्सूला सांगितलं तर तो ऐकेल? विजेचा ताण, वायू... तो म्हणेल, हे तुमचे नवे मंत्र."

"म्हणेलच," ती म्हणाली. "मंत्राला मंत्रानं उत्तर द्यायचंच नाही." ती उठली आणि शाळेच्या अडगळीच्या खोलीचं कुलूप काढलं. गेल्या वर्षी वर्गांतले दिवे बदलले, तेव्हा काढून टाकलेल्या जुन्या ट्यूब तिथे भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. सगळ्या गेलेल्या, बाद.

"ह्या तर जळालेल्या आहेत."

"आतली तार जळालीये. वायू आहे तिथंच आहे. चला, गाढव आणा कुणाचं तरी."

संध्याकाळी माळावर आजवर नव्हती एवढी गर्दी होती. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मूलायनं जाहीर केलं होतं की जुम्म्याच्या नमाजेनंतर भर दुपारी सगळ्यांनी हातोडे घेऊन यायचं, काचा फोडायच्या आणि जिन्नांना मोकळं करायचं. काही जण हातोडे आजच घेऊन आले होते. मी रुग्णवाहिका माळाच्या कडेला, तोंड रस्त्याकडे करून उभी केली. सलाईन, इन्सुलिन, सगळं तयार. ड्रायव्हरला सांगितलं, इंजिन बंद करू नको.

बस्सू तूदाला हातांवर घेऊन आला. तिची मान मागे लटकत होती. एवढ्या लांबून तिच्या छातीचा भाता दिसत होता. मी पुढे झालो तर त्याच्या भावानं माझ्या छातीवर काठी टेकवली.

"जागेवरनं हलायचं नाही, डॉक्टर."

मूलाय खडकावर चढला. अंधार उतरत होता. वर तारांचा तो बारीक गुंगाट चालू होता, भांड्यात अडकलेल्या माशीसारखा. ट्यूब पेटली. "आणा पोरीला! आज हिच्यातला थंड जिन्न मी—"

"मूलाय, जरा थांबा," गर्दीच्या मागून आवाज आला. "माझ्याही हातात एक जिन्न आलाय."

सगळे वळले. लल्ला इज्जा पन्नासएक पावलांवर, गर्दीच्या बाहेर, तारेखालीच उभी होती. डोक्याच्या वर हात करून तिनं ट्यूब उभी धरली होती, आणि ती लख्ख पेटली होती.

लोक माना उंचावून बघू लागले. मग मूलाय किंचाळला, "चेटकीण! तिनं माझा जिन्न चोरला!" गर्दीतून एक दगड सुटला. तो तिच्या खांद्याला लागला. ट्यूब हातातून सुटून फुटली. मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा ती दुसरी ट्यूब उचलत होती. ती मोठ्यानं म्हणाली, "मी चेटकीण, बरं! मग यामना आजी, तू ये. तू तरी चेटकीण नाहीस ना? तुझ्या हातून अख्ख्या गावाची बाळंतपणं झालीत."

यामना आजी, वाकलेली, एका डोळ्यानं आंधळी. ती हलली. कुणीतरी तिचा पदर ओढला. तो हात झटकून ती चालत गेली आणि म्हणाली, "दे बाई. मेले तर मेले. वय झालंच आहे."

इज्जानं तिच्या हातात ट्यूब उभी दिली. ती पेटली. म्हातारीनं तिच्याकडे आपल्या एका डोळ्यानं बघितलं आणि तोंडाचं बोळकं पसरून हसली. "अगं बया! माझ्या सात पिढ्यांत तर नुसते मेंढपाळ!"

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं काहीतरी तुटलं. एक बाई पुढे आली, मग दुसरी. "लांब लांब उभ्या राहा," इज्जा ओरडत होती. "हात वर, उभी धरा. मनोऱ्याकडे कुणी जायचं नाही, चढायचं तर मुळीच नाही!" आणि माळावर एकेक उजेड लागत गेला. गुराख्याच्या हातात. नवऱ्यानं टाकलेल्या हलीमाच्या हातात, जिला मूलायनं अपवित्र म्हणून हाकललं होतं. आमचे इमाम मंसूर इतके दिवस ह्या प्रकाराकडे पाठ करून बसायचे, त्यांच्याही हातात. त्यांनी ट्यूब आडवी केली, ती विझली. उभी केली, पेटली. पुन्हा आडवी. मग ते मूलायकडे वळून एवढंच म्हणाले, "देवाच्या नावानं खोटं बोललास तू. देवाच्या नावानं."

"मूलाय," इज्जा म्हणाली, "तुमचा उजेड खरा असेल तर चला माझ्यासोबत विहिरीपर्यंत. तिथे वर तार नाही. तिथे पेटवा. मी तुमचे पाय धुईन."

तो खडकावरून उतरला नाही.

बस्सू मात्र जागचा हलला नव्हता. पोर हातांवर, नजर त्या सगळ्या उजेडांवर. मी काठी बाजूला सारली. ह्या वेळी कुणी अडवलं नाही. त्याच्याजवळ रकूश आधीच पोचली होती. तिनं एक ट्यूब आणली होती. तिनं ती तूदाच्या लटकत्या हाताशी, पोरीच्या बोटांत आपली बोटं गुंतवून, उभी धरली. ट्यूब पेटली. उजेड तूदाच्या चेहऱ्यावर पडला. पोरीनं डोळे उघडले नाहीत. श्वास तसाच, खोल, घाईचा.

"बघ," रकूश नवऱ्याला म्हणाली. "तिच्याही हातात आला. काय झालं त्यानं? बरी झाली?"

बस्सूच्या घशातून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. त्यानं पोरीला माझ्या हातांत दिलं.

घाटातून जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंतचा तो प्रवास मी सांगत बसत नाही. सुई शिरेत जात नव्हती, गाडी वळणं घेत होती, आणि बस्सू सलाईनची बाटली वर धरून उभा होता. वळणावर डोकं छताला आपटत होतं तरी त्यानं हात खाली येऊ दिला नाही. दोन दिवस तूदा काठावर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले आणि नर्सला विचारलं की इथं नाश्त्याला काय मिळतं.

शुक्रवारी कुणी हातोडा उचलला नाही. ते किती मोठं संकट टळलं, हे इज्जानं नंतर गावाला समजावलं. "दुपारी त्या काचा फोडायला गेला असतात तर तिथंच जळून मेला असतात. दिव्याचं बटण बंद करता येतं, सूर्याचं नाही. ऊन आहे तोवर त्या काचांमधल्या तारा जिवंत असतात." मग कुणीतरी विचारलं, पण ह्या वीजकेंद्राचा आपल्याला उपयोग काय? तिनं ते टाळलं नाही. "आपल्या देशात तेल निघत नाही. कोळसा जहाजातून विकत आणावा लागतो, कमी पडलं तर समुद्राखालच्या तारेनं शेजाऱ्याकडून वीज घ्यावी लागते. हे केंद्र काही फार मोठं नाही. पण उन्हाळ्याच्या भर दुपारी, सगळे पंखे आणि पंप एकदम चालू असतात तेव्हा, अशी मधल्या आकाराची केंद्रंच भार उचलतात. तूदाला ज्या इस्पितळात वाचवलं, तिथली यंत्रंही त्याच जाळ्यावर चालतात. वीज आपली शत्रू नाही. पण चराई गेली हे खरं आहे, पाणी वाया जातंय हेही खरं आहे. ते भांडण जिन्नांशी नाही, व्यवस्थापकाशी आहे. चला, त्याच्याशी भांडू."

आणि गाव भांडलं. दिवसाढवळ्या, वीजकेंद्राच्या फाटकापाशी बसून. बस्सू सगळ्यांत पुढे. पाण्याऐवजी कोरड्या ब्रशानं काचा झाडायचं कबूल झालं. चराईचं अजून झालेलं नाही. भांडण चालू आहे.

मूलाय तैयब त्याच रात्री पसार झाला. मेंढ्या नेता आल्या नाहीत, शाल मात्र नेली. मध्यंतरी डोंगरापलीकडून आलेला एक व्यापारी सांगत होता की तिकडे एक शरीफ, पैगंबरांच्याच वंशातला म्हणवणारा, माळावर उजेड दाखवतो. तारा काय, देशभर गेल्या आहेत, आणि प्रत्येक तारेखाली एखादा खडक सापडतोच.

म्हणून हे लिहितो आहे. उद्या तुमच्या गावात असा कुणी आला, तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्या पायाही पडू नका. फक्त विचारा: हा चमत्कार इथेच का? ह्याच वेळी का? माझ्या हातात का नाही, आणि मला हवा तसा का धरू देत नाही? खऱ्याला ह्या प्रश्नांचं भय नसतं. आणि घरात आजारी माणूस असेल तर प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंतही थांबू नका. आधी दवाखाना गाठा. चमत्कार असेल तर तो तुम्ही परत येईपर्यंत थांबेल. आजार थांबत नाही.